पेरिओमध्ये तीन वर्षं द्यावीत की इम्प्लांटचे कोर्स करत राहावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तीन-चार वर्षं जनरल प्रॅक्टिस झालीय, सर्जरी आवडते, टाके घालताना हात रमतो, वीकेंडचे इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) कोर्स करून थोडे इम्प्लांट टाकलेही आहेत, आणि आता पेरिओमध्ये, म्हणजे हिरड्या आणि दातांना धरणाऱ्या हाडाच्या शाखेत, पूर्णवेळ स्पेशालिटी करावी की नाही ते ठरत नाहीये, कारण बरोबरचे म्हणतात पेरिओवाला शेवटी स्केलिंगच, म्हणजे दातांची साफसफाईच, करत बसतो आणि इम्प्लांट तर कोर्स करूनही येतात. करायचीच ठरली तर प्रोग्रॅम कसा निवडायचा हेही विचारलंय. मी पेरिओडॉन्टिस्ट आहे, बरीच वर्षं प्रॅक्टिस आणि सोबत रेसिडेंट्सना, म्हणजे स्पेशालिटी करणाऱ्या डॉक्टरांना, शिकवणं असं दोन्ही करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

मला वाटतं तुम्ही सर्जरी विरुद्ध सर्जरी अशी तुलना करताय, म्हणजे कुठे जास्त कापायला-शिवायला मिळेल. खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. हिरड्यांचा आजार हा डायबेटिस किंवा ब्लडप्रेशरसारखा जन्मभर सोबत राहणारा आजार आहे, आणि असा पेशंट दहा-वीस वर्षं सांभाळायला तुम्हाला आवडेल का, हे आधी बघायला हवं. सर्जरी त्यात येते, भरपूर येते, पण ती मधला एक टप्पा म्हणून येते. ज्याला हे सांभाळणं आवडतं त्याची तीन वर्षं सोन्यासारखी जातात, आणि ज्याला फक्त ब्लेड हातात घ्यायचंय तो दुसऱ्या सेमिस्टरलाच कंटाळलेला मी बघितलाय.

काही गोष्टी पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर आहेत. घरची जबाबदारी, डोक्यावरचं कर्ज, तीन वर्षं कमाई कमी झाली तर चालणार आहे का, आणि मुख्य म्हणजे पुढे प्रॅक्टिस कुठल्या देशात करायचीय. पेरिओचा प्रोग्रॅम बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा असतो, अमेरिकेत तसाच, युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीची मान्यता असलेले तसेच, भारतातलं एमडीएसही (डेंटलची पदव्युत्तर डिग्री) तसंच. पण एका देशाची डिग्री दुसरीकडे स्पेशालिस्ट म्हणून आपोआप चालत नाही, म्हणून जिथे राहायचं ठरलंय तिथल्या कौन्सिलचे नियम फॉर्म भरायच्या आधी वाचा, नंतर नाही. बाकीचं मी माझ्या अनुभवातून सांगू शकते.

पहिल्या वर्षापासून सुरू करते, कारण बहुतेकांचा हिरमोड तिथेच होतो. सर्जरी शिकायला आलेल्या माणसाला आम्ही पहिले काही महिने प्रोबिंग, म्हणजे बारीक सळईने दात आणि हिरडीमधली खोली मोजणं, करायला लावतो. तुम्ही म्हणाल प्रोबिंग तर येतंच, पण तोंडात २८ दात, प्रत्येकी ६ जागा, म्हणजे १६८ आकडे, आणि तेच आकडे आठवड्याने परत मोजले तर साधारण तेच आले पाहिजेत, हे जमायला वेळ लागतो. जोर साधारण ०.२५ न्यूटन म्हणजे पंचवीसेक ग्रॅमचा हवा. हिरडी सुजलेली असली की त्याच जोराने प्रोबचं टोक एपिथेलियम (वरचं अस्तर) ओलांडून आतल्या कनेक्टिव्ह टिश्यूमध्ये शिरतं आणि पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट) आहे त्याहून खोल वाटतं, सूज उतरली की टोक आधीच अडतं. म्हणजे स्केलिंगनंतर ७ मिलिमीटरचे ५ झाले त्यातला काही भाग हा टिश्यू घट्ट झाल्यामुळे असतो, नवीन अटॅचमेंट (हिरडीची दातावरची पकड) आलेली असेलच असं नाही. हे ज्याला कळलं तो आपल्या रिझल्टबद्दल पेशंटला खरं बोलायला शिकतो. कोर्समध्ये हे कोणी शिकवत नाही कारण त्याला वेळच नसतो.

मग येतं डायग्नोसिस. २०१७ च्या वर्ल्ड वर्कशॉपनंतर, म्हणजे २०१८ मध्ये छापलं गेलेलं जे वर्गीकरण आपण सगळे वापरतो त्यात स्टेज १ ते ४ आणि ग्रेड ए, बी, सी आहेत. स्टेज म्हणजे आतापर्यंत किती नुकसान झालंय आणि केस किती गुंतागुंतीची आहे, ग्रेड म्हणजे हा आजार किती वेगाने पुढे जातोय. स्टेज बहुतेकांना जमते, ग्रेडकडे दुर्लक्ष होतं. एक उदाहरण घ्या. दोन एक्स-रे आहेत, दोन्हीत सगळ्यात वाईट दाताजवळ साधारण ५० टक्के हाड गेलेलं. एक पेशंट ३५ वर्षांचा, दुसरा ७० चा. हाडाच्या टक्केवारीला वयाने भागायचं, पहिल्याचं १.४ च्या वर येतं म्हणजे ग्रेड सी, दुसऱ्याचं ०.७ म्हणजे ग्रेड बी. त्यात सिगारेट दिवसाला १० किंवा जास्त असतील किंवा डायबेटिस असून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा आकडा) ७ टक्के किंवा त्यावर असेल तर ग्रेड सीच धरायची. एक्स-रे सारखे असले तरी ट्रीटमेंट, रिकॉलचं (परत तपासायला बोलवायचं) अंतर, पेशंटला द्यायचा इशारा, इम्प्लांट टाकायचे की थांबायचं, सगळं वेगळं होतं. सत्तरीतल्या त्या माणसाचे दात बहुधा त्याला शेवटपर्यंत पुरतील, पस्तिशीतल्याचे पुढच्या दहा वर्षांतच जाऊ शकतात.

आणि हे असं का, सगळ्यांची हाडं सारख्या वेगाने का जात नाहीत, हे कळण्यासाठी जुनं लिटरेचर वाचावंच लागतं. लिटरेचर सेमिनारचं ओझं वाटतं म्हणून रेसिडेंट कुरकुरतात, पण माझ्या मते ट्रेनिंगमधला हा सगळ्यात श्रीमंत भाग आहे. हॅराल्ड लोई आणि सहकाऱ्यांचा १९६५ चा प्रयोग तुम्ही यूजीला (पदवीच्या वर्षांत) वाचला असेल, निरोगी हिरड्यांच्या माणसांनी ब्रश करणं थांबवलं आणि १० ते २१ दिवसांत प्रत्येकाला जिंजिव्हायटिस (हिरड्यांची सूज) झाला, परत ब्रश सुरू केल्यावर आठवडाभरात हिरड्या पूर्ववत. यूजीला आपण इथेच थांबतो, प्लाक (दातांवरचा जंतूंचा थर) म्हणजे आजार, संपलं. पण त्याच लोईंनी १९८६ मध्ये श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांमधल्या कामगारांचा पंधरा वर्षांचा अभ्यास छापला, हे लोक दाताची कुठलीही निगा न मिळालेले, प्लाक आणि कॅल्क्युलस (कडक झालेला थर) सगळ्यांनाच, आणि तरी साधारण ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा जिंजिव्हायटिसच्या पुढे गेलाच नाही. हे दोन पेपर शेजारी ठेवले की मग प्रश्न पडायला लागतात, की माझ्या खुर्चीत बसलेला हा माणूस त्या आठ टक्क्यांतला आहे की अकरा टक्क्यांतला, आणि ते मला आज कसं ओळखता येईल. ग्रेडिंग हे याच प्रश्नाचं आजचं, अजून अपुरं, उत्तर आहे. असे प्रश्न पडायची सवय लागणं यालाच मी ट्रेनिंग म्हणते.

आता "नुसतं स्केलिंग" या मुद्द्याकडे येते कारण तो तुम्हाला जास्त टोचलाय असं दिसतं. बंद पॉकेटमध्ये, काही न दिसता, नुसत्या बोटाच्या टोकाला लागणाऱ्या स्पर्शावरून ६-७ मिलिमीटर खोल रूट साफ करणं हे फ्लॅप उघडून (हिरडी कापून बाजूला करून) करण्यापेक्षा अवघड काम आहे. खोल पॉकेटमध्ये चांगल्या हातांनीही कॅल्क्युलस मागे राहतो, फर्केशन (मुळांच्या फाट्यापर्यंत पोचलेला आजार) असेल तर आणखीनच. योग्य ग्रेसी क्युरेट (मूळ खरवडायचं हत्यार), योग्य धार, ब्लेडचा योग्य कोन, आणि कधी हातातलं इन्स्ट्रुमेंट ठेवून अल्ट्रासोनिक घ्यायचं, याला महिने लागतात. उलट जिथे पॉकेट नाही तिथे उगाच खरवडलं तर नुकसान होतं. १९८२ मध्ये लिंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की साधारण २.९ मिलिमीटरपेक्षा उथळ जागी रूट प्लेनिंग (मूळ खरवडून साफ करणं) केलं तर अटॅचमेंट मिळण्याऐवजी थोडी जातेच, आणि फ्लॅपसाठी हाच आकडा ४.२ च्या आसपास आहे. म्हणजे तीन मिलिमीटरच्या जागेवर फ्लॅप उघडणारा डॉक्टर पेशंटचं नुकसान करतोय, टाके कितीही सुंदर असोत.

त्यानंतरची गोष्ट शिकवायला मला सगळ्यात जड जाते, ती म्हणजे थांबणं. युरोपियन फेडरेशनची २०२० ची गाईडलाईन (स्टेज १ ते ३ साठीची) पायऱ्यापायऱ्यांनी जाते, आधी पेशंटची स्वतःची स्वच्छता आणि रिस्क फॅक्टर, मग सबजिंजिव्हल इन्स्ट्रुमेंटेशन (हिरडीखालची साफसफाई), मग री-इव्हॅल्युएशन, आणि त्यानंतर उरलेल्या पॉकेटबद्दल निर्णय. ४-५ मिलिमीटर उरलं तर परत इन्स्ट्रुमेंटेशन, ६ किंवा जास्त उरलं तर सर्जरीचा विचार. आणि जो पेशंट स्वतः नीट स्वच्छता ठेवू शकत नाही त्याची पेरिओ सर्जरी करू नका असं स्पष्ट म्हटलंय. याच्या मागे १९७० च्या दशकातलं स्वीडनमधल्या गोथेनबर्गचं काम आहे, प्लाक कंट्रोल नसलेल्या तोंडात सर्जरी केली तर कुठल्याही पद्धतीने केली तरी अटॅचमेंट आणखी जाते.

आमच्याकडे नेहमी घडतं ते सांगते. खालच्या मोलरच्या मागे ७ मिलिमीटरचा पॉकेट, रक्त येतंय, रेसिडेंटच्या डोक्यात फ्लॅपचं डिझाईन तयार. मी म्हणते आधी इन्स्ट्रुमेंटेशन कर, इंटरडेंटल ब्रशचा योग्य साइज पेशंटकडून तुझ्यासमोर वापरून घे, आणि तीन महिन्यांनी परत मोज. तीन महिन्यांनी बऱ्याचदा तिथे ४ असतो आणि रक्त येत नाही. रेसिडेंटचा चेहरा उतरतो कारण लॉगबुकातली एक सर्जरी गेली. पेशंट मात्र एका ऑपरेशनपासून वाचलेला असतो, आणि हे बघून ज्या रेसिडेंटला आतून बरं वाटतं तो चांगला पेरिओडॉन्टिस्ट होणार हे मला तेव्हाच कळतं. आणि कधी कधी तीन महिन्यांनी तिथे ७ च असतो, एक्स-रेमध्ये हाडात ३ मिलिमीटरहून खोल उभा डिफेक्ट दिसतो, मग आपण पॅपिला (दोन दातांमधली हिरडी) राखून, बारीक इन्स्ट्रुमेंट आणि लूप्स (भिंगाचा चष्मा) घेऊन रिजनरेटिव्ह (गेलेलं हाड परत आणायची) सर्जरी करतो, आणि तिचा रिझल्ट खरोखर बघण्यासारखा असतो. पण कुठल्या जागेला काय लागणार हे त्या तीन महिन्यांशिवाय आपल्याला कळलंच नसतं.

सर्जरी शिकायला मिळेल का, तर हो, भरपूर. ॲक्सेस फ्लॅप, क्राऊन लेंग्थनिंग, रिजनरेशन, कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट, रिसेक्शन्स, सॉकेट प्रिझर्व्हेशन, सायनस लिफ्ट, इम्प्लांट. तुमचा हात टाक्यांवर बसलेला आहे म्हणता, ते खूप उपयोगी पडेल, विशेषतः म्युकोजिंजिव्हल कामात (हिरडीची प्लास्टिक सर्जरी), तिथे ६-० चा बारीक टाका आणि ताण नसलेला फ्लॅप हेच अर्धं यश असतं. पण तिथेही हाताच्या आधी डोकं लागतं. रिसेशन (हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ) कव्हर होणार की नाही हे तुमच्या टाक्यांपेक्षा दोन दातांमधली अटॅचमेंट शाबूत आहे का यावर जास्त ठरतं, कायरोचं २०११ चं वर्गीकरण नेमकं त्यावरच उभं आहे. आरटी-१ (ती शाबूत) असेल तर पूर्ण कव्हरेजची आशा देता येते, आरटी-३ (ती खूप गेलेली) असेल तर तसं वचन देणं चुकीचं. तसंच पुढच्या दातांमधली काळी त्रिकोणी फट. टार्नो आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मोजून दाखवलं की काँटॅक्ट पॉइंटपासून (दोन दात टेकतात ती जागा) हाडापर्यंत ५ मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल तर पॅपिला जवळपास नेहमी भरलेली असते, ६ झालं तर निम्म्याच्या थोडं वर, ७ झालं तर साधारण चारातल्या एकात. हे माहीत असलेला माणूस पेशंटला सर्जरीच्या आधीच सांगतो की ही फट पूर्ण जाणार नाही, आणि गरज असेल तर प्रोस्थोच्या (कृत्रिम दातांच्या शाखेतल्या) सहकाऱ्याला काँटॅक्ट हिरडीकडे आणायला सांगतो. एका मिलिमीटरचा फरक आहे, पण पेशंटची पुढची नाराजी टळते.

इम्प्लांटबद्दल स्पष्ट बोलते. टाकणं कोर्समध्ये शिकता येतं, चांगला कोर्स असेल आणि केस सोपी असेल तर व्यवस्थित येतं, त्यात मी कोणाला कमी लेखत नाही. पण इम्प्लांटला पेरिओडॉन्टल लिगामेंट (दाताला हाडाशी बांधणारे धागे) नसतं, सिमेंटम (मुळावरचं आवरण) नसतं, भोवतीचे कोलॅजन फायबर त्याच्यात रुतत नाहीत, बहुतेक त्याला समांतर जातात, त्यामुळे तिथे इन्फ्लमेशन सुरू झालं की ते हाडाकडे वेगाने जाऊ शकतं. ज्याचे दात पेरिओडॉन्टायटिसने (हाड खाणाऱ्या हिरड्यांच्या आजाराने) गेले त्याला पेरि-इम्प्लांटायटिसचा (इम्प्लांटभोवतीच्या तशाच आजाराचा) धोका जास्त असतो, आणि नेमका तोच पेशंट तुमच्याकडे इम्प्लांट मागायला येतो. पेरि-इम्प्लांटायटिस पूर्ण बरा करायचा खात्रीशीर मार्ग आजही आपल्याकडे नाही. आधीचे एक्स-रे नसतील तर रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा जास्त प्रोबिंग आणि ३ मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं असे निकष लावावे लागतात, म्हणजे ओळखेपर्यंत बरंच गेलेलं असतं. म्हणून क्राऊन बसवल्या दिवशीच प्रोबिंग आणि एक्स-रे करून ठेवा हे मी प्रत्येकाला सांगते, स्पेशालिटी करा किंवा करू नका, एवढं उद्यापासून सुरू करा.

आणि त्याहून मोठा निर्णय म्हणजे दात काढायचा की ठेवायचा. कोर्समधून आलेला डॉक्टर हलणारा दात बघून इम्प्लांटचा विचार करतो, त्यात वाईट हेतू नसतो, त्याला तोच एक पर्याय नीट शिकवलेला असतो. हर्शफेल्ड आणि वॉसरमन यांनी १९७८ मध्ये ६०० पेशंट सरासरी २२ वर्षं बघून जे छापलं ते प्रत्येक रेसिडेंटला मी वाचायला लावते. त्यातल्या ४९९ जणांचे इतक्या वर्षांत शून्य ते तीन दात गेले, ७६ जणांची घसरण मध्यम होती, आणि २५ जणांचं सगळं करूनही वाईट झालं. हे इम्प्लांटच्या आधीचं जग, साधी ट्रीटमेंट आणि नियमित मेंटेनन्स, त्यावर एवढं साधलं. फर्केशन आहे एवढ्याच कारणासाठी दात काढू नये असं तर २०२० च्या गाईडलाईनमध्येही आहे. पण म्हणून प्रत्येक दात वाचवत बसायचं असंही नाही, त्या २५ जणांसारखे पेशंट ओळखता आले पाहिजेत, आणि ओळखायला आधी ते वर्षानुवर्षं बघितलेले पाहिजेत. हे पुस्तकातून येत नाही.

इथून मी प्रोग्रॅम निवडण्याकडे वळते, कारण माझा सगळा मुद्दा इथे एकत्र येतो. अर्जदार विचारतात, तुमच्याकडे रेसिडेंटला किती इम्प्लांट मिळतात. तो आकडा विचारा, हरकत नाही, पण त्याआधी हे विचारा: पहिल्या वर्षी मी ज्या पेशंटची ट्रीटमेंट सुरू करेन तो तिसऱ्या वर्षी माझ्याच रिकॉलला असेल का? की मी फ्लॅप करणार, टाके दुसरं कोणी काढणार आणि मेंटेनन्स हायजिनिस्ट किंवा ज्युनिअर बघणार? ज्या ठिकाणी पेशंट एका रेसिडेंटच्या नावावर असतो, त्याची चार्टिंग, इन्स्ट्रुमेंटेशन, री-इव्हॅल्युएशन, सर्जरी, आणि नंतर दर तीन-चार महिन्यांचा मेंटेनन्स तोच करतो, ते ठिकाण दहा इम्प्लांट कमी देत असलं तरी मी तेच निवडायला सांगेन. आपण केलेल्या ग्राफ्टचं सहा महिन्यांनी, वर्षाने काय झालं हे आपल्याच डोळ्यांनी बघणं, यातून जे शिकायला मिळतं ते शंभर लाइव्ह सर्जरी बघून मिळत नाही. जो सर्जन आपले रिझल्ट फक्त टाके काढायच्या दिवसापर्यंत बघतो त्याला आपण चांगले आहोत असंच नेहमी वाटत राहतं.

दुसरं म्हणजे फायनल इयरच्या रेसिडेंट्सशी फॅकल्टी समोर नसताना बोला. त्यांना फसलेली एखादी केस दाखवायला सांगा. ज्या डिपार्टमेंटमध्ये फसलेल्या केसवर मोकळेपणाने चर्चा होते तिथला रेसिडेंट पटकन फोटो उघडून दाखवतो, ग्राफ्ट कुठे नेक्रोज झाला (मेला), आम्ही काय विचार केला होता, पुढे काय केलं. जिथे तो गोंधळून इकडेतिकडे बघतो तिथे जरा सावध राहा. सर्जरीच्या वेळी सीनियर शेजारी खरोखर उभा असतो का की फक्त सही करतो, हेही त्यांनाच विचारा.

तिसरं, प्रोस्थो, ऑर्थो (दात सरळ करणारे), एंडो (रूट कॅनल करणारे) यांच्याशी एकत्र ट्रीटमेंट प्लॅनिंग होतं का. स्टेज ४ चे पेशंट, ज्यांचे दात सरकलेत, चावणं बिघडलंय, काही दात गेलेत, ते एकट्या पेरिओडॉन्टिस्टचे नसतातच, त्यांच्यासाठी २०२२ मध्ये वेगळी गाईडलाईन आली ती याचसाठी. एकाच टेबलाभोवती बसून भांडत-भांडत प्लॅन बनवायची सवय ट्रेनिंगमध्येच लागली तर लागते. मशीन, लेझर, नवीन स्कॅनर यांना मी फारसं महत्त्व देणार नाही, ते नंतर कधीही शिकता येतं. रिसर्च आणि डिसर्टेशनचं म्हणाल तर गाईड कोण आहे यावर खूप आहे, विषय छोटा असू दे पण तुमच्याच क्लिनिकमधल्या प्रश्नातून आलेला असू दे, म्हणजे डेटा गोळा करताना जीव जात नाही.

कोणी करू नये हेही सांगते. ज्याला रिझल्ट त्याच दिवशी दिसायला हवा, त्याला ही शाखा त्रास देईल, इथे चांगलं काम म्हणजे पाच वर्षांनी काहीच न घडणं. ज्याला पेशंटशी तेच तेच बोलायचा कंटाळा आहे त्यालाही, कारण सिगारेट सोडण्याबद्दल आणि दातांमधल्या ब्रशबद्दल तुम्ही एकाच माणसाशी दहाव्यांदा तितक्याच आपुलकीने बोलणार आहात, आणि ते नाटक असेल तर पेशंटला कळतं. मान आणि पाठ हाही मुद्दा आहे, लूप्सचा कोन आणि बसायची पद्धत पहिल्या महिन्यातच नीट करून घ्या. पैशाचं म्हणाल तर ते तुमच्या भागात रेफर करणारे जनरल डेंटिस्ट किती, आणि त्यांच्याशी तुमचं जमतं किती, यावर ठरतं. मेंटेनन्स कोण करणार, ते की तुम्ही, की आलटून पालटून, हे पहिल्याच पेशंटपासून लिहून-बोलून ठरवा, नाहीतर पेशंट दोघांच्या मध्ये हरवतो आणि दोन वर्षांनी परत ७ मिलिमीटर घेऊन येतो.

वय किंवा उशीर झाला असं तुम्ही लिहिलंय, तो विचार सोडा. जनरल प्रॅक्टिस केलेला रेसिडेंट मला आवडतो, त्याने क्राऊनच्या कडा हिरडीत खोल गेल्यावर काय होतं ते स्वतः बघितलेलं असतं, पेशंट का येत नाहीत हेही त्याला माहीत असतं.

आता निर्णयासाठी एक करा. फॉर्म भरायला अजून वेळ आहे म्हणता, तर तुमच्याच क्लिनिकमधले हिरड्यांचा खरा त्रास असलेले चार-पाच पेशंट निवडा. पूर्ण सहा जागांची चार्टिंग, रक्त कुठे येतं ते, प्लाक स्कोअर, सगळ्या तोंडाचे एक्स-रे, स्टेज आणि ग्रेड लिहा. सर्जरी करू नका. घाई न करता नीट इन्स्ट्रुमेंटेशन करा, ब्रश शिकवा, डायबेटिस असेल तर त्यांच्या फिजिशियनला फोन करा, आणि तीन महिन्यांनी जुना चार्ट न बघता परत मोजा. मग दोन्ही चार्ट शेजारी ठेवून बसा. कुठलं पॉकेट बंद झालं, कुठलं नाही, आणि नाही झालं ते का, मागची फर्केशन होती का, रूटवर खाच होती का, फिलिंगची कड बाहेर होती का, की पेशंटचा ब्रश तिथे पोचतच नव्हता, हे शोधण्यात तुमची संध्याकाळ कशी गेली हे कळलं नाही तर बेधडक अर्ज करा. कंटाळा आला तर तेही चांगलंच, जनरल प्रॅक्टिस आणि निवडक इम्प्लांट यात तुम्ही समाधानाने काम कराल आणि एका चांगल्या पेरिओडॉन्टिस्टला वेळेवर रेफर कराल, पेशंटच्या दृष्टीने त्यात काहीच कमी नाही.

आणि अर्ज केलात तर इंटरव्ह्यूला जाताना ते चार्ट सोबत न्या, सुधारलेले आणि न सुधारलेले दोन्ही. समोरच्या खुर्चीत बसून मी कित्येक अर्जदारांच्या सर्टिफिकेटांच्या फाईली चाळल्यात, पण कोणी स्वतः मोजलेला तीन महिन्यांचा चार्ट समोर ठेवला की बाकीची फाईल बाजूला ठेवून त्यावरच बोलणं सुरू होतं. चार्टिंग करताना स्टेज-ग्रेडमध्ये कुठे अडलात तर आकडे आणि एक्स-रेचं वर्णन इथे लिहा, पेशंटची ओळख न देता, मी बघून सांगते.